शेजारचा संगणक सापडेना!

पुण्यातल्या एका शाळेत घडलेली हकिकत सांगतो. शाळा पेठेतली, जुन्या वळणाची. दुसऱ्या मजल्यावर संगणकांची खोली आहे. तीत बारा संगणक ओळीने मांडलेले आहेत आणि कोपऱ्यातल्या लाकडी कपाटाशेजारी एक तेरावा आहे. या तेराव्याला पडदा नाही, कळफलक नाही. मुलांनी तीन वर्षे मोजलेल्या पावसाच्या नोंदी, मुठा नदीच्या पाण्याच्या तपासणीचे तक्ते, सहलींची छायाचित्रे आणि मराठी विकिपीडियाची उतरवून घेतलेली एक प्रत, एवढा ऐवज त्याच्या पोटात आहे. बाकीच्या बारा संगणकांनी मागावे आणि त्याने द्यावे, एवढेच त्याचे काम. म्हणून मुलांनी त्याचे नाव ठेवले ‘ग्रंथपाल’.

गेल्या पावसाळ्यात विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शाळेसमोरचा रस्ता खणला गेला. पुण्यात ही काही बातमी नव्हे. पण त्या खणण्यात इंटरनेटची केबल तुटली. नववीच्या मुली पाण्याचे तक्ते छापून घ्यायला संगणकखोलीत आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्यांना फलक लावायचा होता. इंटरनेट गेल्याचे कळले तेव्हा त्या मुळीच घाबरल्या नाहीत. ग्रंथपाल तर याच खोलीत आहे, तारही खोलीतल्या खोलीतच आहे, मग बाहेरच्या केबलशी आपला संबंध काय? त्यांचा तर्क अगदी बरोबर होता. पण संगणकावर ग्रंथपालाचे नाव लिहिले तेव्हा उत्तर आले, ‘या नावाचा संगणक सापडत नाही.’ बाराही संगणकांवर तेच. आणि ग्रंथपाल तर चार हातांवर आपला हिरवा दिवा लुकलुकवत बसलेला!

शेवटी कोणीतरी वहीतून एक आकडा शोधून काढला, १९२.१६८.१.१०. नावाच्या जागी तो आकडा लिहिताच तक्ते समोर उभे राहिले. म्हणजे यंत्र ठीक होते, तार ठीक होती, नोंदी शाबूत होत्या. हरवले होते ते फक्त नावावरून आकडा सांगणारे कोणीतरी. ती मांडणी करून देणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा चुकीचा थोडा वाटा माझ्याकडेही येतो. ती चूक कोणती, हे समजण्यासाठी आधी नावांची आणि आकड्यांची गोष्ट पाहू या.

पुण्याच्या जुन्या पेठांत प्रत्येक घराला क्रमांक आहे. महानगरपालिकेच्या दप्तरात आणि टपालावर तो चालतो. पण पाहुण्याला घर सांगताना आपण क्रमांक सांगतो का? ‘खुन्या मुरलीधराच्या अलीकडे’, ‘पत्र्या मारुतीच्या मागच्या बोळात’, असेच सांगतो. माणसाला नावे लक्षात राहतात. संगणकाचे नेमके उलटे आहे. तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक संदेशावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता आकड्यांतच लिहावा लागतो. या पत्त्याला आयपी पत्ता म्हणतात. त्याचे चार भाग असतात आणि प्रत्येक भाग ० ते २५५ यांपैकी एक संख्या असतो. तुम्ही द्विमान पद्धती शिकला असाल, तर ध्यानात येईल की प्रत्येक भाग म्हणजे आठ द्विमान अंक आणि एकूण पत्ता ३२ अंकांचा. असे पत्ते २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ इतके होतात. जगाला ते पुरेनासे झाले म्हणून १२८ द्विमान अंकांचे नवे पत्तेही आता वापरात आहेत. पण त्यात आज शिरायला नको.

यातले काही पत्ते मुद्दाम खासगी ठेवलेले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे पत्ते त्यांत येतात. ‘खोली क्रमांक ३’ जशी प्रत्येक वाड्यात असू शकते, तसा १९२.१६८.१.१० हा पत्ता तुमच्या घरातही असू शकेल आणि आमच्या शाळेतही. वाड्याबाहेर त्याला अर्थ नाही. आणखी एक गमतीचा पत्ता आहे, १२७.०.०.१. त्याचा अर्थ ‘मी स्वतः’. या पत्त्यावर पाठवलेला संदेश तारेवर उतरतच नाही, पाठवणाऱ्याकडेच परत येतो. खरे तर १२७ ने सुरू होणारे सगळेच पत्ते असे स्वतःकडे वळणारे आहेत. हे लक्षात असू द्या. पुढे या पत्त्याने आमची चांगलीच फजिती केली.

आता आमची चूक. शाळेचे संकेतस्थळ आहे; त्याचे नाव बाहेर एका कंपनीच्या संगणकावर नोंदलेले आहे. ग्रंथपालाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा आम्ही सोयीचा मार्ग म्हणून त्याचेही नाव तेथेच नोंदवले आणि समोर लिहिले १९२.१६८.१.१०. चालले छान! पण त्यामुळे खिडकीजवळच्या टेबलावरून कोपऱ्यातल्या कपाटापर्यंत जायचे झाले, तरी संगणक आधी शाळेबाहेर विचारणा करी, ती कोठल्या कोठे जाऊन उत्तर घेऊन येई, आणि मग तो शेजाऱ्याशी बोले. शेजारच्या बिऱ्हाडाचा क्रमांक विचारायला परगावी पत्र टाकण्यासारखेच हे. सेकंदाच्या अंशात सारे उरकत असल्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. केबल तुटली तेव्हा आले.

त्या संध्याकाळी आम्ही केला तो उपाय फार जुना आहे. खोलीतले सगळे संगणक लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतात. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची कार्यप्रणाली रचायला घेतली. लिनक्स तिच्याच वळणावर घडलेली आहे. या वळणाच्या प्रणालींची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांची बहुतेक व्यवस्था साध्या, वाचता येणाऱ्या मजकुराच्या फायलींत लिहिलेली असते आणि त्या फायली ‘ईटीसी’ नावाच्या कप्प्यात असतात. तेथेच ‘होस्ट्स’ नावाची फाइल असते. (आपण येथे देवनागरीत लिहीत आहोत, संगणकावर ही नावे रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत आणि आकडे इंग्रजी अंकांत लिहायचे.) तीत प्रत्येक ओळीवर आधी आकडा, मग मोकळी जागा आणि मग नाव. आम्ही एक ओळ वाढवली:

१९२.१६८.१.१० ग्रंथपाल

बस्स! ती ओळ लिहिताच तो संगणक कोणालाही न विचारता ग्रंथपालाकडे जाऊ लागला. ही फाइल कोणालाही वाचता येते, पण तीत लिहायचा अधिकार फक्त व्यवस्थापकाला, म्हणजे ‘रूट’ नावाच्या वापरकर्त्याला असतो. हे योग्यच आहे. नाहीतर एखादा खोडकर मुलगा बँकेच्या नावापुढे भलताच आकडा लिहून ठेवील आणि बिचाऱ्या शिक्षकांना पत्ता लागायचा नाही. बारा संगणकांवर ती ओळ लिहायला वीस मिनिटे लागली, तक्ते छापून झाले आणि मुली घरी गेल्या.

संगणक आधी ही यादी पाहतो आणि मग बाहेर विचारतो, हा क्रम कोण ठरवतो? तोही एका फायलीतच लिहिलेला असतो. तिचे नाव ‘एनएसस्विच.कॉन्फ’. तीत ‘होस्ट्स’ या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. पुढे ‘फाइल्स’ आणि मग ‘डीएनएस’ असे शब्द दिसतील, क्वचित मध्ये आणखी एखादा. डावीकडून उजवीकडे, हाच विचारण्याचा क्रम.

यादीचा उपाय सोपा खरा, पण त्याचे दुखणे महिन्याभरात बाहेर आले. शाळेने तारांचा वाटप करणारा डबा, म्हणजे राउटर, बदलला. नव्या राउटरने खोलीतले सगळे पत्ते १९२.१६८.० ने सुरू केले आणि ग्रंथपालाचा आकडा झाला १९२.१६८.०.१०. आता बाराही याद्या बदलायला हव्यात. अकरा बदलल्या. बारावा संगणक त्या दिवशी दुरुस्तीला गेला होता. तो परत आल्यावर त्याच्यावर बसणारी मुले आठवडाभर तक्रार करीत होती आणि आम्ही तारा, राउटर, सगळे तपासत होतो. त्याच्या यादीत जुना आकडा जसाच्या तसा बसलेला होता, आणि यादीत उत्तर मिळाल्यावर तो पुढे कोणाला विचारील कशाला?

बारा संगणकांत आम्हांला जे भोगावे लागले, तेच एके काळी जगातल्या सगळ्यांत मोठ्या संगणकजाळ्याला भोगावे लागले होते. अमेरिकेत १९६९ साली अर्पानेट नावाचे जाळे सुरू झाले. आजच्या इंटरनेटचे हे पूर्वज. त्यातल्या संगणकांच्या नावांची आणि आकड्यांची एकच यादी असे. १९७४ सालापासून ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाऊ लागली. एलिझाबेथ फाइनलर या बाई आणि त्यांचे सहकारी ती सांभाळीत. कोठे नवा संगणक आला, की तेथल्या लोकांनी या कचेरीला कळवायचे. कचेरी यादीत भर घालणार. आणि मग जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाने ती यादी उतरवून घ्यायची. त्या यादीचे नावही ‘होस्ट्स’च होते. तुमच्या संगणकातली आजची फाइल ही तिचीच वारसदार आहे.

जाळे वाढले तसे या पद्धतीचे कंबरडे मोडले. यादी लांबत चालली, ती उतरवून घेणारे वाढत चालले, दोघांनी एकच नाव निवडले तर भांडण, आणि एखाद्याची प्रत जुनी राहिली तर आमच्या बाराव्या संगणकासारखी गत. यादी छापणारी माणसे वाढवून यातून सुटका होणार नव्हती. १९८३ च्या नोव्हेंबरात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतले पॉल मोकापेट्रिस यांनी दोन टिपणे प्रसिद्ध करून वेगळीच रचना सुचवली. १९८७ साली त्यांनी ती सुधारून पुन्हा लिहिली आणि आजही सारे जग मुख्यतः तिच्यावरच चालते. तिचे नाव डीएनएस. मराठीत तिला नाम-व्यवस्था म्हणू या. तिच्यातली मुख्य कल्पना अशी की, संपूर्ण यादी कोणाकडेच ठेवायची नाही.

हे कसे शक्य आहे? आपल्या पुण्याजवळचे एक खरे उदाहरण घेऊ. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ऐंशी किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. ती चालवणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे एनसीआरए, पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. हे केंद्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, म्हणजे टीआयएफआरचे. दुर्बिणीच्या संकेतस्थळाचे नाव असे आहे: जीएमआरटी.एनसीआरए.टीआयएफआर.रेस.इन. हे नाव टपालाच्या पत्त्यासारखे वाचा: घर, गल्ली, पेठ, गाव, देश. उजवीकडचे ‘इन’ म्हणजे भारत, ‘रेस’ म्हणजे संशोधन संस्था, मग टाटा संस्था, मग तिचे पुण्यातले केंद्र आणि शेवटी दुर्बीण.

तुमच्या संगणकाने हे नाव विचारले, की तो स्वतः वणवण करीत नाही. तो एका नामसेवकाला विचारतो. नामसेवक म्हणजे नावांचे आकडे सांगण्याचे काम करणारा संगणक; बहुधा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे तो असतो. त्या नामसेवकालाही खोडदचा पत्ता ठाऊक नसेल, तर तो सर्वांत वरच्या, मूळ नामसेवकांपैकी एकाकडे जातो. मूळ नामसेवकांची नावे तेराच आहेत, इंग्रजी ए पासून एम पर्यंतच्या अक्षरांची. पण प्रत्येक नावामागे जगभर विखुरलेले अनेक संगणक आहेत, त्यांतले काही मुंबईतही आहेत. मूळ नामसेवक म्हणतो, ‘खोडद मला माहीत नाही, पण ‘इन’चा कारभार कोणाकडे आहे ते सांगतो.’ ‘इन’चा नामसेवक पुढच्याचे नाव सांगतो, तो त्याच्या पुढच्याचे. पुण्यात पत्ता विचारणाऱ्याला हे ओळखीचे वाटेल. ‘सरळ जा आणि पुढच्या चौकात विचारा!’ फरक इतकाच, की येथे पुढच्या चौकात खरेच उत्तर मिळते.

‘इन’ हे नाव भारताकडे आले ८ मे १९८९ रोजी. त्या वेळी देशातल्या शिक्षण आणि संशोधन संस्था जोडणारे अर्नेट हे जाळे उभे राहत होते, आणि ‘इन’चा कारभार मुंबईत जुहू येथल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होता. २००३ साली हे केंद्र पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकमध्ये विलीन झाले, आणि २००५ पासून ‘इन’चे दप्तर निक्सी ही संस्था सांभाळते. ‘रेस.इन’ खालची नावे मात्र अर्नेट इंडियाकडेच नोंदवायची असतात. पाहा, प्रत्येक पायरीला वेगळा कारभारी आहे आणि प्रत्येकाला फक्त आपल्या खालच्या पायरीची माहिती ठेवावी लागते. खोडदला नवा संगणक आला, तर मूळ नामसेवकाला त्याचा पत्ताही नसतो, आणि असायचे कारणही नाही.

दर वेळी एवढी पायपीट झाली तर काम मंदावेल. म्हणून नामसेवक मिळालेले उत्तर लक्षात ठेवतो. किती वेळ? ते उत्तराबरोबरच सेकंदांत सांगितलेले असते. ३६०० असेल तर एक तास, ८६४०० असेल तर एक दिवस. मुदत संपली की उत्तर विसरायचे आणि पुन्हा विचारायचे. एखाद्या संकेतस्थळाचा आकडा बदलल्यावर काही लोकांना नवे पान दिसते आणि काहींना जुनेच, ते या मुदतीमुळे.

आता परत आपल्या खोलीत येऊ. आम्हांला हवे होते ते असे: यादी एकच असावी, तीही खोलीतच असावी, आणि बाहेरची नावे मात्र पूर्वीसारखी बाहेरून मिळावीत. म्हणजे खोलीला स्वतःचा छोटा नामसेवक हवा. यासाठी ‘डीएनएसमास्क’ नावाचा एक आटोपशीर कार्यक्रम मिळतो, फुकट. ब्रिटनमधल्या सायमन केली यांनी तो लिहिला आहे. त्याहून भारी कामासाठी ‘बाइंड’ हा कार्यक्रम आहे. १९८० च्या दशकात बर्कली येथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तो प्रथम युनिक्ससाठी लिहिला. पण बारा संगणकांसाठी तो म्हणजे भाजी आणायला मालमोटार. डीएनएसमास्क आम्ही ग्रंथपालावरच बसवला. तो ग्रंथपालावरची होस्ट्सची यादी वाचतो. विचारलेले नाव यादीत असेल तर तेथल्या तेथे उत्तर देतो. नसेल तर बाहेरच्या नामसेवकाला विचारतो आणि ते उत्तर मुदतीपर्यंत लक्षात ठेवतो.

मग बाराही संगणकांना सांगायचे की, तुमचा नामसेवक १९२.१६८.०.१०. हे ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ या फायलीत लिहिलेले असते. (या नावातल्या इंग्रजी शब्दाचे शेवटचे ‘ई’ अक्षर गाळलेले आहे, पुष्कळ जण ते लिहितात आणि मग फाइल का चालत नाही म्हणून डोके धरून बसतात.) पण थांबा! ही फाइल हाताने बदलण्यात अर्थ नाही. आजच्या बहुतेक लिनक्स प्रणालींत दुसराच एखादा कार्यक्रम ती पुन्हा पुन्हा लिहितो आणि तुमची दुरुस्ती दुसऱ्या दिवशी पुसलेली असते. काही ठिकाणी तर तीत फक्त १२७.०.०.५३ हा पत्ता दिसतो. हा १२७ चा, म्हणजे त्याच संगणकातला एक मध्यस्थ. खरी जागा राउटर. संगणक सुरू होताच राउटर त्याला त्याचा स्वतःचा पत्ता देतो आणि नामसेवकाचा पत्ताही सांगतो. तेथे एकदा ग्रंथपालाचा आकडा घातला की बारा ठिकाणी हात लावायला नको. आणि ग्रंथपालाचा स्वतःचा आकडा कायमचा बांधून टाकायचा. इतरांनी पत्ते बदलले तरी चालतील. ज्याच्याकडे सगळे विचारायला जातात, त्याने बिऱ्हाड बदलून कसे चालेल?

सगळे झाले. पहिल्या संगणकावर ग्रंथपालाचे नाव लिहिले. नाव सापडले! पण पान उघडेना. दुसऱ्यावर तेच. कोणत्याही संगणकावरून पाहावे, तर नाव सापडते आणि पुढे काहीच होत नाही. अर्धा तास आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होतो. मग आठवीतल्या एका मुलाने विचारले, ‘सर, आकडा कोणता येतोय ते तर पाहू या ना.’ पाहिले. आकडा येत होता १२७.०.१.१.

उलगडा झाला तेव्हा हसू आवरेना. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत संगणक बसवताना त्याच्या होस्ट्सच्या यादीत एक ओळ आपोआप लिहिली जाते: १२७.०.१.१ आणि पुढे त्या संगणकाचे स्वतःचे नाव. म्हणजे ‘ग्रंथपाल म्हणजे मीच’. ग्रंथपालाने मनाशी असे म्हणण्यात काहीच चूक नाही. पण आता त्याच्या यादीतून साऱ्या खोलीला उत्तरे जात होती. खिडकीजवळच्या संगणकाने विचारले, ‘ग्रंथपाल कोण?’ त्याला उत्तर मिळाले, ‘तू स्वतः.’ आणि प्रत्येक संगणक बिचारा स्वतःच्याच पोटात ग्रंथपाल शोधू लागला! आम्ही डीएनएसमास्कला ती यादी न वाचण्याची सूचना दिली आणि खोलीसाठी एक वेगळी यादी करून तिचे नाव कळवले. एक बारकावा येथेच सांगतो. डीएनएसमास्क या याद्या सुरू होताना एकदाच वाचून ठेवतो. यादीत बदल केला, तर त्याला ती पुन्हा वाचायला सांगावे लागते किंवा तो बंद करून परत सुरू करावा लागतो. नाहीतर कागदावर नवा आकडा आणि तोंडात जुनाच.

या मांडणीची एक किंमत आहे. ग्रंथपाल बंद पडला, तर नावे सांगणारे कोणीच उरत नाही आणि इंटरनेट असूनही सारी खोली आंधळी होते. साहजिकच वाटते की दुसरा नामसेवक म्हणून बाहेरच्या कंपनीचा आकडा देऊन ठेवावा. तीन नामसेवकांपर्यंत नावे देता येतातही. पण येथे पुष्कळांची समजूत चुकते. पहिल्याने ‘असे नाव नाही’ म्हटले म्हणून दुसऱ्याला विचारले जाईल, असे त्यांना वाटते. तसे नसते. ‘नाही’ हेही उत्तरच. तेथे शोध संपतो. दुसऱ्याला विचारतात ते पहिला गप्प राहिला तर, आणि तेही नेहमीच्या व्यवस्थेत पाच सेकंद वाट पाहिल्यावर. म्हणजे काय होईल? ग्रंथपाल क्षणभर कामात गढला की प्रश्न बाहेरच्या नामसेवकाकडे जाईल, तो ‘ग्रंथपाल नावाचे कोणी नाही’ असे ठासून सांगेल, आणि तुमच्या खोलीत कधी चालते, कधी चालत नाही, असा सर्वांत वाईट प्रकारचा बिघाड सुरू होईल. म्हणून दुसरा नामसेवक ठेवायचा तर त्याच्याजवळही तीच यादी हवी. आम्ही अडगळीतला एक जुना संगणक पुसून त्या कामावर बसवला. फक्त नावे सांगण्यासाठी फार ताकद लागत नाही.

नाव कोणते द्यावे, हाही प्रश्न आहेच. नुसते ‘ग्रंथपाल’ लिहिले, तर इंटरनेटची पाने दाखवणारा ब्राउझर ते शोधायचा शब्द समजून भलतीकडे पळतो. म्हणून पुढे काहीतरी शेपूट हवे. मनाला येईल ते लावू नका. आज कोणी न वापरलेले शेपूट उद्या कोणी खरेच विकत घेईल आणि तुमची खोलीतली नावे बाहेरच्या नावांशी टक्कर घेतील. ‘लोकल’ हे शेपूट आकर्षक वाटते, पण ते दुसऱ्याच एका पद्धतीसाठी राखलेले आहे. त्या पद्धतीत नामसेवकच नसतो. ‘ग्रंथपाल कोण आहे रे?’ अशी हाक एक संगणक साऱ्या खोलीला घालतो आणि ज्याचे नाव असेल तो ओ देतो. दोन-चार यंत्रांच्या घरात ती झकास चालते. शाळेसारख्या ठिकाणी मला ती विशेष पसंत नाही. वाड्यात सगळेच एकदम हाका मारू लागले तर काय होते ते तुम्ही जाणताच. खासगी जाळ्यांसाठी ‘इंटर्नल’ हे शेपूट २०२४ साली कायमचे राखून ठेवण्यात आले आहे, तेव्हा आमचा ग्रंथपाल आता ‘ग्रंथपाल.इंटर्नल’ झाला आहे. ‘इंटर्नल’ने संपणारे कोणतेही नाव बाहेर विचारायचे नाही, अशी एक ओळ डीएनएसमास्कच्या व्यवस्थेत लिहावी लागते. तीही लिहिली.

मुलांनी अर्थातच विचारले, नाव देवनागरीत का नको? चालते की! २०१४ साली ‘.भारत’ हे देवनागरी शेपूट अधिकृतपणे सुरू झाले आहे. मात्र पडद्यामागे नाम-व्यवस्था जुन्या रोमन अक्षरांवर, अंकांवर आणि आडव्या रेघेवरच चालते. म्हणून ‘भारत’ हा शब्द ठरावीक गणिती पद्धतीने बदलला जातो, आणि इंग्रजी अक्षरांत ‘एक्स, एन, दोन आडव्या रेघा, एच, २, बी, आर, जे, ९, सी’ असा तारेवरून जातो. वाचणाऱ्याला ‘भारत’ दिसते, यंत्राला हे.

तुमच्याजवळ लिनक्सचा संगणक असेल, तर दोन प्रयोग करून पाहा. पहिला: आज्ञा लिहायच्या खिडकीत ‘गेटेंट होस्ट्स’ आणि पुढे एखादे नाव लिहा. संगणकातले इतर कार्यक्रम ज्या क्रमाने नाव शोधतात, त्याच क्रमाने ही आज्ञा शोधते. मग तेच नाव ‘डिग’ या आज्ञेला द्या. ती होस्ट्सची यादी न पाहता थेट नामसेवकाला विचारते. दोन्हींची उत्तरे वेगळी आली, तर कोठल्या तरी यादीत एखादी विसरलेली ओळ बसलेली आहे असा संशय घ्या. आमच्या बाराव्या संगणकाचे दुखणे याने दोन मिनिटांत सापडले असते. दुसरा: ‘डिग’च्या पुढे अधिकचे चिन्ह आणि त्याला चिकटून ‘ट्रेस’ असे लिहून, मग खोडदच्या दुर्बिणीचे नाव द्या. मूळ नामसेवकापासून ‘इन’मधून खाली येणारी एकेक पायरी पडद्यावर उमटत जाईल.

आमच्या खोलीत शेवटची परीक्षा गेल्या महिन्यात झाली. रस्ता खणण्याची वाट न पाहता आम्हीच राउटरमधून बाहेर जाणारी तार उपसून काढली. बाराही संगणकांवर ग्रंथपाल उघडला, पावसाच्या नोंदी आल्या, नदीचे तक्ते आले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी ओरडली, ‘सर, जीएमआरटीचा आकडा पण येतोय!’ तिने थोड्याच वेळापूर्वी ते संकेतस्थळ पाहिले होते. मुदत संपलेली नव्हती म्हणून ग्रंथपालाला आकडा पाठ होता. तिने पान उघडायचा प्रयत्न केला. ते मात्र आले नाही. आकडा सांगणे ग्रंथपालाच्या हातात होते, पण तेथवर जायची तार आमच्या हातात लोंबत होती. पुढे काही वेळाने तिने पुन्हा विचारले, तेव्हा आकडाही यायचा थांबला होता.